दावणीची इंग्रजी

सी-ओ-डब्ल्यू काऊ, काऊ म्हणजे गाय. ओ-एक्स ऑक्स, ऑक्स म्हणजे बैल. धारेच्या वेळी ओसरीवरून हा घोष आता घराघरांतून ऐकू येतो. राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झाली आणि आजोबांनी पाचवीत गिरवलेले शब्द नातू सहाव्या वर्षी म्हणू लागला. चांगलेच झाले. पण एकदा त्याच पोराला हाताला धरून गोठ्यात न्या आणि दावणीकडे बोट दाखवून विचारा, ही काऊ, तर शेजारची कोण? शेजारी कालवड उभी असेल, तिच्यापलीकडे खोंड, कोपऱ्यात पाडी, बाहेर चिंचेखाली बैलांची जोडी. पोराजवळ शब्द दोन आणि जनावरे पाच तऱ्हांची. मग ते कालवडीलाही काऊ म्हणते, खोंडालाही ऑक्स म्हणते आणि पाडीला 'स्मॉल काऊ' म्हणून मोकळे होते.

यात पोराचा दोष नाही. पुस्तकात एका चित्राखाली एकच शब्द असतो, त्यामुळे एका मराठी शब्दाला एक इंग्रजी शब्द अशी जोडी त्याच्या मनात बसते. खरे पाहता या बाबतीत तुमचे पोर शहरातल्या पोराच्या चार पावले पुढे आहे. काऊ आणि हेफर यांतला फरक शहरातल्या मुलाला फळ्यावर चित्र काढून सांगावा लागतो. तुमच्या घरी तो फरक रोज वैरण खातो. त्याला फक्त इंग्रजी नाव जोडायचे राहिले आहे.

ते जोडायचे कसे? 'गायीला इंग्रजीत काय म्हणतात?' असे विचारू नका. जनावरांच्या बाजारात जे विचारता तेच विचारा. नर की मादी? वय काय, आदत की दुसा की चौसा? मादी असेल तर व्यायली आहे का? नर असेल तर राखलेला की खच्ची केलेला? आणि काम काय, दूध, औत की पैदास? एवढी उत्तरे मिळाली की इंग्रजी शब्द आपोआप सापडतो, कारण इंग्लंडातल्या शेतकऱ्यानेही आपले शब्द हेच प्रश्न विचारून पाडले होते.

मादीपासून सुरुवात करू. वासरू म्हणजे काफ. स्पेलिंगात एल आहे, पण तो उच्चारात येत नाही. अनेक वासरे म्हणजे काव्ह्ज. पाडा असेल तर बुल काफ, पाडी असेल तर हेफर काफ. पाडी वाढून कालवड झाली की ती हेफर. या शब्दाचे स्पेलिंग एच-ई-आय-एफ-ई-आर असे वेडेवाकडे आहे, म्हणून पुष्कळ जण 'हायफर' वाचतात. उच्चार हेफर असाच आहे. कालवड गाभण राहिली तरी हेफरच राहते. ज्या दिवशी व्याली त्या दिवशी ती काऊ झाली. पहिलारू गायीला व्यवहारात फर्स्ट-काफ हेफर असेही म्हणतात. आपणही कालवडीला गाय म्हणत नाही, तेव्हा ही वाटणी तुम्हाला नवी वाटू नये.

आता नर. पैदाशीसाठी राखलेला वळू म्हणजे बुल. वयात येणारा खोंड म्हणजे यंग बुल. खच्ची करून औताला किंवा गाडीला जुंपला तो बुलक. ऑक्स म्हणजेही तोच, कामाला शिकवलेला, अंगाने भरलेला बैल; फक्त त्याचे अनेकवचन ऑक्सेस होत नाही, ऑक्सन होते. आपल्या देशातल्या इंग्रजीत रोजचा शब्द बुलक हाच आहे, म्हणून बैलगाडीला बुलक कार्ट म्हणतात. ऑक्स जरा पुस्तकी. अमेरिकेत खच्ची केलेल्या नराला स्टीअर म्हणतात, पण तो बहुधा मांसासाठी वाढवलेला असतो. औत ओढणाऱ्या आपल्या बैलाला तो शब्द लावू नये. तेव्हा बेंदराच्या दिवशी शाळेत निबंध लिहायचा असेल तर 'अवर बुलक्स' लिहिले तरी बरोबर, 'अवर ऑक्सन' लिहिले तरी बरोबर. 'अवर बुल्स' लिहिले तर वाचणाऱ्याला वाटेल की तुम्ही दारात वळूंची जोडी बांधली आहे.

एक शब्द आणि नऊ वर्षे

एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी म्हणेल. ज्यांच्या दारात शर्यतीची जोडी आहे त्यांनी असे म्हणू नये. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने, ज्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत त्यांची नवी यादी काढली. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्यापुढे त्या यादीत आणखी एक शब्द होता, बुल्स. बुलक हा शब्द नव्हता. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही वळू वेगळा आणि बैल वेगळा हे कळते. पण ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, त्यात तामिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीही बंद झाल्या. म्हणजे बुल या एका शब्दाखाली गाड्याचे बैल आले. पुढे २०१७ मध्ये राज्याने केंद्राच्या कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली, तेव्हा शर्यतीची व्याख्या करताना 'बुल्स ऑर बुलक्स' असे दोन्ही शब्द जोडीने घातले. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. शर्यत असावी की नसावी, यावर घराघरांत दोन मते आहेत आणि त्या वादात येथे शिरायचे नाही. कायदा लिहिणारे दोन शब्द का लिहितात, एवढेच पाहायचे आहे. आपल्या राज्याच्या पशुसंरक्षण कायद्यातही पूर्वी पूर्ण बंदीच्या कलमात फक्त काऊ होती. २०१५ साली दुरुस्ती लागू झाली, तेव्हा तिच्या पुढे बुल आणि बुलक असे दोन शब्द वेगवेगळे आले.

कोर्टकचेरी सोडा, घरातले कागद काढा. जनावराच्या विम्याची पॉलिसी, बँकेच्या कर्जाचे पत्र, दवाखान्याचे कार्ड, यांवर बहुतेक मजकूर इंग्रजीत असतो आणि सही आपली असते. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर आपण नीट पडताळतो, पण त्याच्या शेजारी जनावराचे जे वर्णन लिहिलेले असते ते कोणी वाचत नाही. तिथे हेफर लिहिले आहे की काऊ, हे वाचा. वर्षापूर्वी कालवड म्हणून नोंदलेली आता दुसऱ्या वेताला आली असेल तर कागद आणि जनावर यांची गाठ पडत नाही, आणि भरपाईच्या वेळी नेमका तोच सांधा तपासला जातो. 'मिल्च अ‍ॅनिमल' असे दिसले तर ती मिल्कची छपाईची चूक समजू नका. मिल्च हा वेगळाच जुना शब्द आहे, अर्थ दुभते. 'इन मिल्क' म्हणजे सध्या दूध देणारी. 'ड्राय' म्हणजे आटलेली. येथे मात्र जपून. गाभण गाय विण्याआधी मुद्दाम आटवली तीही ड्राय आणि गाभणही नाही, दूधही नाही अशी भाकड तीही ड्राय. मराठीत दोघींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. म्हणून ड्राय शब्दापुढे 'प्रेग्नंट' आहे की 'एम्प्टी' आहे, हे पाहिल्याशिवाय कागद खाली ठेवू नका.

एक शब्द तर असा आहे की तो मराठीतही असायला हवा होता. गायीला जुळे झाले, एक पाडा आणि एक पाडी, तर त्या पाडीला इंग्रजीत फ्रीमार्टिन म्हणतात. पोटात असताना दोघांचे रक्त एकमेकांत मिसळते आणि पाड्याच्या रक्तातील घटकांमुळे पाडीची जननेंद्रिये नीट वाढत नाहीत. अशा दहा पाड्यांपैकी सुमारे नऊ पुढे कधीच गाभण राहत नाहीत. ज्याला हा शब्द माहीत आहे तो तिला तीन वर्षे वैरण घालून वाट पाहत बसत नाही, आधी पशुवैद्यकाला दाखवतो.

कॅटल या शब्दाचेही एक सांगतो. कॅटल म्हणजे गायीबैलांचा सगळा कुटुंबकबिला. तो शब्द स्वतःच अनेकवचनी आहे. त्याला एस लावून कॅटल्स करू नये आणि त्याच्यापुढे इज लिहू नये, आर लिहावे. मोजायचे तर आपण बाजारात जशी डोकी मोजतो तशीच इंग्रजीतही मोजतात, टेन हेड ऑफ कॅटल. मूळ अर्थाने हा शब्द जनावराचा नव्हताच. कॅटल म्हणजे मालमत्ता. भांडवलाला जो कॅपिटल शब्द आहे त्याचा हा भाऊबंद. आपण गोधन म्हणतो त्यातला धन तो हाच.

म्हैस, रेडा आणि दाजीपूरचा गवा

सरकारी मोजणीत कॅटलमध्ये म्हैस धरत नाहीत, हे ध्यानात ठेवा. २०१९ च्या पशुगणनेत देशात कॅटल १९ कोटी २४ लाखांवर आणि म्हशी १० कोटी ९८ लाख, असे दोन रकाने आहेत. आपल्या कोल्हापुरात तर म्हशीवाचून पान हलत नाही. कट्ट्यावर म्हैस उभी करून समोर धार काढून धारोष्ण दूध पिणारे हे शहर, आणि दिवाळीच्या पाडव्याला शिंगे रंगवून मालकाच्या मोटारसायकलीमागे पळणाऱ्या म्हशी इथल्याच. अशा घरातल्या पोराने म्हशीसाठी इंग्रजी शब्द शोधला तर त्याची निराशा होते. इंग्लंडात म्हैस नव्हती, त्यामुळे तिच्या घरात वेगवेगळी नावे पडलीच नाहीत. सगळ्यांना बफेलो. मग गायीकडून उसने घ्यावे लागते. म्हैस म्हणजे बफेलो काऊ, रेडा म्हणजे बफेलो बुल, वगार म्हणजे बफेलो हेफर, रेडकू म्हणजे बफेलो काफ. आपल्या देशातल्या कागदांवर 'शी-बफेलो' असेही लिहितात, ते समजते. पण चार नावांच्या जागी मराठीत चार सुटे, टणक शब्द आहेत, हे पोराला जरूर सांगा. सगळीकडे इंग्रजीच श्रीमंत असते असे नाही.

अमेरिकेतल्या गोष्टींत बफेलो आला तर तो आपला रेडा समजू नका. गोऱ्या वसाहतवाल्यांनी तिथल्या मोठ्या केसाळ रानजनावराला बफेलो म्हटले आणि ते नाव चिकटले. तो खरा बायसन. बायसन जगात दोनच, एक अमेरिकेत आणि एक युरोपात. आपल्याकडे बायसन नाही.

मग दाजीपूरला 'बायसन' म्हणतात तो कोण? तो गवा. १९५८ साली राखीव झालेले दाजीपूरचे जंगल राज्यातल्या सर्वांत जुन्या अभयारण्यांपैकी एक. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य झाले. साहेबांनी गव्याच्या खांद्यावरचा उंचवटा पाहून त्याला इंडियन बायसन म्हटले आणि ते नाव पाट्यांवर, पुस्तकांत, बातम्यांत राहिले. प्राणिशास्त्राच्या हिशेबात तो बायसनही नाही आणि बफेलोही नाही. गवा गायीच्या कुळातला, म्हैस वेगळ्या कुळातली. ईशान्येकडे लोक पाळतात तो मिथुन गव्याचाच माणसाळलेला भाऊ. गव्याचे खरे इंग्रजी नाव गौर, आणि ते आपल्याच देशातून तिकडे गेलेले. काळेभोर अंग आणि गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात. एकदा पाहिला की विसरत नाही. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, पन्हाळ्याकडच्या शेतकऱ्याला तो पाहायला अभयारण्यात जावे लागत नाही, उसात तोच भेटायला येतो. ९ डिसेंबर २०२० रोजी एक गवा पुण्यात कोथरूडच्या वस्तीत शिरला. माणसांच्या गोंगाटाने बिथरून धावत राहिला आणि पकडल्यानंतर मेला. त्या दिवशी बातम्यांत त्याला कोणी बायसन म्हटले, कोणी गौर. परीक्षेत गौर लिहावे. इंडियन बायसन लिहिल्यास चालून जाते. नुसते बफेलो लिहू नये.

उसातला कोल्हा आणि द्राक्षाखालचा कोल्हा

आता एक चूक, जी जवळजवळ प्रत्येक घरात होते. कोल्हा म्हणजे फॉक्स. पुस्तकात तसे असते, गोष्टीतही तसे असते. पण तुमच्या उसात रात्री हुकी भरतो, बांधावरून शेपूट पाडून जातो, उसाची कांडी फोडून रस चोखतो, तो फॉक्स नव्हे. तो जॅकल. फॉक्स म्हणजे आपल्याकडचे खोकड. अंगाने बारीक, मोठ्या कानांचे, झुपकेदार शेपटीचे, माळरानावर बिळात राहणारे. लांडगा तो वुल्फ, तरस तो हायना. हे चौघे वेगवेगळे.

मग गडबड कुठे झाली? गोष्टींत झाली. इसापाच्या गोष्टी मराठीत आल्या तेव्हा युरोपातल्या फॉक्सला आपल्याकडे लबाडीसाठी प्रसिद्ध असलेला कोल्हा भेटला, आणि द्राक्षे आंबट म्हणणारा प्राणी कोल्हा ठरला. ते चुकले असे मी म्हणणार नाही. गोष्ट सांगताना जनावराची जात नव्हे, त्याचा स्वभाव उतरवायचा असतो. आपल्या पंचतंत्रातले करटक आणि दमनक मात्र खरेखुरे कोल्हे, म्हणजे जॅकल. त्यांना फॉक्स केले की जंगलच बदलते. म्हणून मुलाला असे सांगावे, गोष्टीतला कोल्हा गोष्टीप्रमाणे, उसातला कोल्हा जॅकल. गंमत म्हणजे जॅकल हा शब्द आपल्या संस्कृत शृगालावरून फारसी आणि तुर्की मुलूख फिरत इंग्रजीत पोचला आहे. जाता जाता, कोल्हापूरच्या नावाचा कोल्ह्याशी संबंध जोडणारे भेटतात. पण देवीने मारलेल्या कोल्हासुराची कथा या गावात कोणाला ठाऊक नाही?

स्वभावावरून आठवले. आपण मायाळू, सोशिक बाईला गरीब गाय म्हणतो. तेच निबंधात 'माय मदर इज लाइक अ काऊ' असे उतरवले तर आईला शिवी दिल्यासारखे होते. इंग्रजीत बाईला काऊ म्हणणे वाईट. घुबड आपल्याकडे अभद्र, तिकडे शहाणे. जनावराचे नाव बदलते, त्याची अब्रूही बदलते.

शेळ्या-मेंढ्यांत फारसा गोंधळ नाही, फक्त उच्चार सांभाळायचे. शेळी गोट, तिचे करडू किड. मेंढी शीप, आणि एक असली काय, शंभर असल्या काय, शीपच. त्यातला ई दीर्घ. ऱ्हस्व म्हटला की मेंढीचे जहाज होते. नुसत्या मादीला ईवी म्हणू नका, तो शब्द यू असा उच्चारतात. मेंढा रॅम. कोकरू लॅम, शेवटचा बी गप्प. आपल्याकडे धनगरवाड्यावर मेंढरांनाही बकरी म्हणतात, रानात बकरी बसवतात ती मेंढरेच. तेव्हा बकरी ऐकले की लगेच गोट लिहू नये, आधी कळप पाहावा.

आणि मटण? कोल्हापूरकराला मटण शिकवायचे म्हणजे धाडस. तरी सांगतो, इंग्लंडात मटण म्हणजे मेंढीचे मांस. आपल्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात बहुधा असते ते बोकडाचे. जिवंत जनावराला एक शब्द आणि ताटातल्याला दुसरा, ही इंग्रजीची सवय फार जुनी. १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या ड्यूकने इंग्लंड जिंकले. राज्यकर्ते फ्रेंच बोलत, जनावरे राखणारी रयत इंग्रजी. गोठ्यात काऊ, ताटात बीफ. रानात शीप, ताटात मटण. काफचे व्हील, पिगचे पोर्क. ही वाटणी पक्की व्हायला पुढे काही शतके लागली, पण तिचे मूळ तिथे आहे. राबणाऱ्याने दिलेली नावे गोठ्यात राहिली आणि खाणाऱ्याने दिलेली ताटात गेली. कोंबडी मात्र गरिबाच्या अंगणातून थेट हंडीत जाणारी, तिला चिकन हा शब्द दोन्हीकडे चालतो. अंडी देणारी हेन, कोंबडा कॉक. पण या शब्दाला दुसरा वाईट अर्थ चिकटल्याने आता रूस्टर म्हणणे बरे. अजून अंड्यावर न आलेल्या तलंगीला पुलेट असा नेमका शब्द आहे. पोल्ट्रीवाल्यांच्या बिलावर तो दिसेल.

अळी म्हणजे कोण?

आतापर्यंत आपल्याकडे शब्द जास्त होते. एका ठिकाणी मात्र मराठी हात आखडते आणि तिथे शेतकऱ्याचे पैसे जातात. तो शब्द म्हणजे अळी. वांग्यात अळी, कोबीवर अळी, उसाच्या मुळाशी अळी, आंब्यात अळी. इंग्रजीत या चौघींची नावे एक नाहीत, कारण तिथे अळी मोठी होऊन काय होणार यावरून नाव ठरते. जिचा पुढे पतंग किंवा फुलपाखरू होते ती कॅटरपिलर. जिचा भुंगेरा होतो ती ग्रब. जिची माशी होते, जिला पायच नसतात, ती मॅगट. वांगी आणि कोबीवरची कॅटरपिलर. पिकल्या आंब्यातली फळमाशीची, म्हणून मॅगट. आणि उसाच्या मुळ्या कुरतडणारी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळून पडलेली पांढरी जाड हुमणी ही ग्रब. तिचे पुस्तकातले नावच व्हाइट ग्रब. वळवाच्या सरी झाल्या की संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर जे भुंगेरे जमतात, ते तिचेच आईबाप.

औषधाच्या बाटलीवर हे शब्द बारीक अक्षरांत लिहिलेले असतात. बीटी जिवाणूचे कुर्स्टाकी नावाचे वाण कॅटरपिलरवर चांगले चालते, हुमणीवर चालत नाही. दुकानदाराला 'अळीचे औषध द्या' म्हटले तर त्याने कोणते द्यावे? तेव्हा मागताना पीक आणि अळीचे नाव सांगा आणि लेबलावर तीच आहे का, हे घरातल्या शिकणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. यात आणखी एक खोडी आहे. बोंडअळीला बोलवर्म म्हणतात आणि २०१८ साली कर्नाटकात प्रथम दिसून मग आपल्या मक्यावर आलेल्या लष्करी अळीला फॉल आर्मीवर्म. नावात वर्म असले तरी दोघी कॅटरपिलरच. खरा वर्म म्हणजे आपले गांडूळ, अर्थवर्म, आणि त्याला मारायचे नसते.

रानातल्या आणखी काही जोड्या भरभर सांगून टाकतो. आपल्या शिवारातला ससा हेअर. पिंजऱ्यात पाळतात तो रॅबिट. हेअरची पिले डोळे उघडून, अंगावर केस घेऊन जन्मतात. रॅबिटची उघडी आणि आंधळी. कासव जमिनीवरचे टॉर्टॉइज, पाण्यातले टर्टल. उंदीर लहान तो माउस, मोठा तो रॅट, आणि घरांचे पाये पोखरणारी घूस ती बँडिकूट. हा शब्द तेलुगूतून गेला, त्याचा अर्थ डुक्करउंदीर. बिबट्या म्हणजे लेपर्ड आणि पँथर म्हणजेही तोच बिबट्या, ते दोन प्राणी नव्हेत. चित्ता निराळा. बिबट्याच्या अंगावर फुलांसारखी वर्तुळे, चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळून शिकवत. १९५२ साली देशातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशात कुनोला सोडले.

ते चित्ते ज्याच्या मागे पळत तो काळवीट डिअर नव्हे, अँटेलोप. ज्यांची शिंगे फाटे फुटलेली असून दरवर्षी गळतात ते डिअर, म्हणजे सांबर, चितळ, भेकर. काळविटाची शिंगे पिळदार, बिनफाट्याची, जन्मभराची. आणि डिअर या शब्दाची एक सुंदर गोष्ट आहे. पूर्वी इंग्रजीत डिअर म्हणजे कोणतेही जनावर. पुढे तो आक्रसून हरणापुरता उरला. आपल्या मृगाचेही तेच झाले; मृग म्हणजे आधी कोणताही वन्य प्राणी, म्हणून तर सिंह मृगेंद्र आणि माकड शाखामृग. हजारो मैलांवरच्या दोन भाषा, आणि दोघींनी रानातल्या सगळ्या जनावरांतून हरणालाच ते नाव दिले.

घरी शिकवताना फार सायास नकोत. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या करून ज्याच्या त्याच्या खुंट्यावर अडकवा. कालवड व्याली की त्या दिवशी पोराच्या हाताने हेफरची चिठ्ठी काढून काऊची लावा. तो शब्द ते जन्मात विसरणार नाही. कोश वापरत असाल तर एक पथ्य पाळा. मराठी शब्दापुढे तीन-चार इंग्रजी शब्द ओळीने दिलेले असतात आणि पोर त्यांतला पहिला उचलते. तसे न करता प्रत्येक शब्द इंग्रजी-मराठी कोशात उलटा पाहायला लावा. जो उलटून पुन्हा तुमच्या जनावराशी येतो तो तुमचा. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापला तेव्हा त्याच्यापुढेही हीच अडचण असणार. १८५७ साली त्याला तो वाढवून पुन्हा काढावा लागला.

आणि कधी शाळेत बाईंनी अनेकवचने विचारली, तर एक उत्तर पोराला आधीच सांगून ठेवा. गूज म्हणजे हंसाच्या जातीचा पक्षी, त्याचे अनेकवचन गीज. मग मंगूजचे मंगीज? नाही, मंगूजेस. गूजशी त्याचे काही नाते नाही. तो मराठी शब्द आहे. आपल्याच बांधावरून साप तोंडात धरून जाणाऱ्या मुंगसाचे नाव तीनेकशे वर्षांपूर्वी साहेबाने उचलले आणि इंग्रजीच्या पुस्तकात नेऊन ठेवले.